सॉफ्टनरचं मीठ जातं कुठं?

सॉफ्टनर म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र. तो बिघडला की घरात काहीच बंद पडत नाही. पंप बिघडला तर नळ कोरडा पडतो, गिझर बिघडला तर पाणी गार येतं, आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत घरभर बोंब होते. सॉफ्टनर मात्र बिघडल्यावरही पाणी देत राहतो, तेवढ्याच जोराने, तेवढंच स्वच्छ दिसणारं. बदल पाण्याच्या पोटात झालेला असतो. तो घरातल्या प्रत्येकाला आपापल्या कामातून, वेगवेगळ्या दिवशी कळतो.

आमच्याकडे तो सर्वांत आधी सासूबाईंना कळला, तुरीच्या डाळीवरून. नेहमीइतक्या शिट्ट्या होऊनही दाणा बोटांत दाबला की मधे टणक लागायचा. त्यांचं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत, खडकवासल्याच्या पाण्यावर गेलेलं. सह्याद्रीत पडलेला पाऊस धरणात साठतो आणि फारसा खडकात न मुरताच नळाला येतो, त्यामुळे ते पाणी मऊ. त्यांना वाटलं डाळ जुनी लागली. दुसऱ्या दुकानातून आणलेली डाळही तशीच राहिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पाणीच बघ काहीतरी." मग धुणंभांड्याच्या मावशींनी सांगितलं, साबण फार लागायला लागलाय आणि फेस धरत नाहीये. लेकीची केस राठ झाल्याची कुरकुर सुरू झाली. नळाच्या तोटीभोवती पांढरी कड मला दिसली ती यानंतर.

शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात तेच हे घरातलं जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी जोडला जाऊन चिकट पांढरा साका होतो आणि फेसासाठी साबण उरतच नाही. हा साका धुतल्यानंतरही कपड्यांत राहतो, केसांत राहतो, न्हाणीघराच्या फरशीवर बसतो. डाळीचं कारण वेगळं आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं, म्हणून कितीही शिजवली तरी ती मोडत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्या गावांत डाळीत चिमूटभर खायचा सोडा घालायची पद्धत आहे, ती याच अनुभवातून आलेली. आणि पाणी तापवलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं विघटन होऊन चुन्याचा दगडच तयार होतो. तो गिझरच्या कॉइलवर आणि सोलरच्या तांब्याच्या नळ्यांत थरावर थर चढवत जातो. कॉइलची उष्णता या थरातून पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. कॉइल तापून जळते, आणि तोवर विजेचं बिल वाढत राहतं.

वाघोलीत हे होणारच. आम्ही राहतो तो भाग पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावर. २०२१मध्ये गाव महापालिकेत आलं, पण आमच्या गल्लीतली घरं अजून बोअर आणि उन्हाळ्यात टँकर यांवरच चालतात. खाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथल्या दगडखाणी जगभरच्या खनिज संग्राहकांना माहीत आहेत. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइटं, म्हणजे सूक्ष्म छिद्रांची खनिजं, वाढली, आणि त्यांच्या सोबतीने कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज. कॅव्हन्साइट आहे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट. त्याचे उत्तम नमुने जगात कुठेही दिसले तर ते बहुधा वाघोलीचे असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या दगडातली ही संपत्ती बघायला मिळते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी नाशिकला जाताना वाट वाकडी करून जरूर पाहावी. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि या खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू सोडवत खाली जातं. बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकातला मुक्काम सहसा लांबलेला. उन्हाळ्यात, वरचं ताजं पाणी संपल्यावर, हे फार जाणवतं.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमच्या बोअरचं पाणी ५००च्या आसपास. पिण्याच्या दृष्टीने ते घातक नाही, पण धुणं, न्हाणं, शिजवणं, तापवणं या सगळ्यांत ते माणसाला दमवतं. त्या दमण्याचा मोठा वाटा बायकांच्या हातावर पडतो, म्हणून सॉफ्टनरला मी चैन मानत नाही.

आता बिघाड. मशीन ज्यांनी बसवलं त्यांच्याकडून एक तरुण आला. त्याने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, सॉफ्टनरच्या आधीचं पाणी तपासलं, नंतरचं तपासलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. "मॅडम, रेझिन पूर्ण गेलंय. बदलावं लागेल. नाहीतर नवीन मॉडेल घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो." रेझिन म्हणजे यंत्रातले पाणी मऊ करणारे मणी. त्याचा हा निष्कर्ष चूक होता, आणि तो घरोघरी काढला जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. सॉफ्टनर क्षार कमी करतच नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतो. त्यामुळे उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरच्या आधी आणि नंतरही टीडीएस जवळपास तेवढाच दिसणार. या मीटरने क्षार काढून टाकणारा आरओ तपासावा. सॉफ्टनर तपासायला तो निरुपयोगी आहे.

त्यासाठी लागतो कठीणपणा मोजायचा किट. प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात तो मिळतो. ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, त्यात बफर, म्हणजे पाण्याची आम्लता ठरावीक राखणारं द्रावण, आणि रंग दाखवणाऱ्या सूचकाची चिमूट टाकायची. कॅल्शियम, मॅग्नेशियम असेल तर पाणी लालसर जांभळं होतं. मग कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने सोडत, हलवत जायचं. एका थेंबाला रंग लख्ख निळा होतो. तिथे थांबायचं आणि थेंब मोजून हिशेब करायचा. रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रयोगशाळेत करतात तोच हा प्रयोग. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो करताना लेक शेजारी उभी होती, आणि रंग पालटताना तिच्या तोंडून जे "अय्या" निघालं ते ऐकून मला फार बरं वाटलं. बोअरचं पाणी ५०० आणि सॉफ्टनर पार करून आलेलं पाणीही जवळजवळ तेवढंच. म्हणजे यंत्र काम करत नव्हतं हे खरं, पण का करत नव्हतं हे अजून कळायचं होतं.

कारण सापडलं मिठाच्या टाकीत. या यंत्राला दोन भांडी असतात. एका उंच भांड्यात रेझिन, म्हणजे मोहरीहूनही बारीक, मधाच्या रंगाचे प्लॅस्टिकचे मणी. थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनचा, त्याचेच हे, फक्त रासायनिक प्रक्रिया करून त्यांच्यावर सोडियम धरून ठेवणाऱ्या जागा तयार केलेल्या. जड पाणी या मण्यांतून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि सोडियम सोडतात. सगळ्या जागा भरल्या की मणी थकतात. मग दुसऱ्या भांड्यातलं मिठाचं तीव्र पाणी त्यांच्यातून सोडायचं, आणि सोडियमच्या त्या लोंढ्यापुढे मण्यांना कॅल्शियम सोडून द्यावं लागतं. हेच रिजनरेशन. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून बॅकवॉश, मग मिठाचं पाणी संथपणे, मग धुवून काढणं. आमच्या यंत्राचा टायमर हे सगळं रात्री दोनला करतो.

टाकीतलं मीठ कितीतरी आठवडे कमीच झालेलं नव्हतं, हे आमच्या प्लंबरकाकांच्या लक्षात आलं. माझ्या मते सॉफ्टनर असलेल्या प्रत्येक घराने एवढी एक गोष्ट तरी डोळ्यांखाली ठेवावी. मीठ संपत असेल तर यंत्र जिवंत आहे. काकांनी लाकडी दांडक्याने वरून टोचलं तर ठण्‌ असा आवाज. पावसाळ्याच्या दमट हवेत मिठाचा वरचा थर एकसंध घट्ट झाला होता आणि त्याच्याखाली पोकळी. पाणी खाली, मीठ वर, दोघांची भेटच नाही. तो थर फोडला. तरीही यंत्राने मिठाचं पाणी ओढलं नाही, तेव्हा काकांनी व्हॉल्व्हच्या डोक्यातला इंजेक्टर उघडला. वेगाने जाणाऱ्या पाण्याच्या जोरावर मिठाचं पाणी शोषून घेणारा हा एवढासा तुकडा, आणि त्याचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. ते करड्या चिखलाने पार बुजलेलं होतं. हा चिखल आला जाड्या मिठातून. मिठागरात वाफ्यातून ओढलेलं मीठ गाळाची माती घेऊनच येतं. स्वयंपाकात आपण ते निवडतो, धुतो. यंत्रात तसंच ओततो. टाकी रिकामी करून घासली, इंजेक्टर धुतला, बारीक जाळी स्वच्छ केली, हाताने रिजनरेशन लावलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या परीक्षेत पहिल्या थेंबालाच रंग निळा झाला. रेझिन अजून कितीतरी वर्षं चालेल असं होतं. ते फेकून द्यायला सांगितलं गेलं, याचा मला आजही राग आहे.

हे इथेच संपलं असतं. पण त्याच आठवड्यात माझे वडील, अण्णा, आले.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी. अण्णांनी जन्मभर ऊस केला. कुठल्याही घरी गेले की ते आधी घराभोवती एक फेरी मारतात आणि माती बघतात. आमच्या मागच्या अंगणात सॉफ्टनरच्या ड्रेनचा पाइप बसवणाऱ्यांनी सरळ कढीपत्त्याच्या वाफ्यात काढून दिला होता. अण्णा तिथे उकिडवे बसले. माती पांढुरकी, वर खपली, आणि पाणी ओतलं तर मुरतच नव्हतं, डबकं होऊन वरच उभं. कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या.

"हितं काय सोडतीस गं?"

मी यंत्राची गोष्ट सांगितली. मीठ म्हटल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं. "मीठ? मातीत?" मग हातातलं ढेकूळ चिरडत म्हणाले, "चोपण व्हायला लागलीया ही. आपल्या खालच्या पट्टीसारखी."

खालच्या पट्टीबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ भागात काळ्या जमिनीला उसासाठी वर्षानुवर्षं पोटभर पाणी दिलं गेलं आणि निचरा मात्र झाला नाही. भूजल वर चढलं, सोबत क्षार वर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. त्यात सोडियम वाढलं की काळ्या मातीचे बारीक कण एकमेकांना सोडून विखुरतात, छिद्रं बुजतात, ओली असताना ती चिखलासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. तिलाच चोपण म्हणतात. आमच्या खालच्या पट्टीत उसाचं उत्पन्न आधी घटलं, मग ऊसच उगवेना. तिथे पुढे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढावा लागला आणि जिप्सम पसरावं लागलं. त्या कामासाठी अण्णांनी काढलेलं कर्ज आणि आईची त्या वर्षांतली काळजी, दोन्ही मी पाहिलेलं आहे.

त्या रात्री अण्णांनी सहज विचारलं, "तुझ्या यंत्रातल्या मण्याला मीठ चढतं आणि कॅल्शियम उतरतं, असंच ना? मग जिप्सम काय करतंय? मातीला कॅल्शियम चढवतंय आणि सोडियम उतरवतंय."

हे इतकं अचूक होतं की मी थक्क झाले. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. चोपण जमिनीत ते टाकलं की कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, कण पुन्हा एकत्र येतात, आणि सुटलेलं सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातं. चिकणमातीचा कण आणि रेझिनचा मणी एकच काम करतात. रसायनशास्त्राला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तीही मातीतूनच. हॅरी स्टीफन थॉम्पसन हा यॉर्कशायरचा शेतीतज्ज्ञ. खतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही हे बघण्यासाठी त्याने मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडलं. खालून बाहेर आलं ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समच. मातीने अमोनियम ठेवून घेतलं होतं आणि कॅल्शियम देऊन टाकलं होतं. थॉम्पसन आणि रसायनज्ञ जॉन थॉमस वे यांचं हे काम १८५०मध्ये प्रसिद्ध झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट वापरून याच गुणाने पाणी मऊ केलं. १९३५मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन तयार केलं, आणि १९४०च्या दशकात पॉलिस्टायरीनचं रेझिन आलं, जे आज माझ्या गच्चीवरच्या भांड्यात आहे. ज्या झिओलाइटांच्या कुळातून हे यंत्र निघालं, ती वाघोलीच्या खाणीत दगड फोडताना सापडतात. माझं पाणी जड करणाऱ्या खडकाच्या पोटातच पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पूर्वज आहेत, हे कळल्यापासून मी त्या खाणींकडे वेगळ्या नजरेने बघते.

मग आम्ही दोघं कागद घेऊन हिशेबाला बसलो. आमच्या यंत्रात २५ लिटर रेझिन आहे. एका रिजनरेशनला लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम मीठ धरलं तर पावणेचार किलो होतं. तेवढ्यात आमच्या जड पाण्याचं साधारण २५०० लिटर मऊ पाणी मिळतं. शहरात माणशी १३५ लिटर पाणी धरायची पद्धत आहे. त्या हिशेबाने आम्हा पाच जणांना दिवसाला ७०० लिटरच्या जवळपास लागतं. म्हणजे साडेतीन दिवसांना एक रिजनरेशन आणि वर्षाकाठी जवळपास चार क्विंटल मीठ. एका घराला. आणि रासायनिक हिशेबाने जेवढं मीठ खरोखर कामी येतं, त्याच्या अडीच पट तरी वापरावं लागतं, कारण मणी पुरते धुवून निघायला मिठाचा जोर लागतो. उरलेलं तसंच गटारात. अण्णांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मीठ नाहीसं होत नाही, ही गोष्ट क्षारपड जमीन पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गटारातून ते ओढ्याला, ओढ्यातून मुळा-मुठेला, तिथून भीमेला जातं. खाली ज्याची मोटर नदीत आहे त्या शेतकऱ्याच्या वाफ्यात ते पोचतं. आमच्या गल्लीत सॉफ्टनर नसलेलं घर शोधावं लागेल. मोठ्या सोसायट्यांत तर शेकडो फ्लॅटना मिळून एकच यंत्र, आणि त्यांच्या मिठाच्या गोण्या टेम्पोने येतात. सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प मीठ काढत नाही, आणि तेच शुद्ध केलेलं पाणी पुढे बागेला घातलं जातं. विक्रेत्याच्या पत्रकात केसांची चमक असते, गिझरचं आयुष्य असतं. हजार लिटरमागे मीठ किती आणि ते जाणार कुठे, याची ओळ मी तरी कुठल्याच पत्रकात पाहिली नाही.

यंत्र बंद करायचं असं मी म्हणत नाही. मावशींचे हात आणि सासूबाईंची डाळ माझ्यासाठी खऱ्या गोष्टी आहेत. पण सगळ्या पाण्याला मऊ करायची गरज नाही, हे मात्र आमच्या डोक्यात पक्कं बसलं. प्लंबरकाकांनी संडासाच्या फ्लशला, अंगण धुवायला आणि बागेला बोअरच्या पाण्याची वेगळी लाइन दिली. झाडांना तर कॅल्शियमवालं जड पाणीच बरं. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी आरओवर टाकलं, कारण आमच्या पाण्यात मऊ केल्यावर लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं आणि सासऱ्यांना रक्तदाब आहे. डाळही आता त्याच पाण्यात शिजते. आरओ नको असेल त्यांनी टँकरचं का होईना वेगळं पाणी ठेवावं, पण रक्तदाबाच्या माणसाला सॉफ्टनरचं पाणी प्यायला देऊ नये. टायमर काढून पाणी मोजून रिजनरेशन करणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आम्ही गावाला गेलो तर यंत्र रिकामंच मीठ खात बसत नाही. मीठ आता धुतलेलं, गोळ्यांचं आणतो. ते महाग आहे, पण इंजेक्टर बुजत नाही.

पावसाचं पाणी हा यातला सर्वांत चांगला भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष आहे. गच्चीवर पडणारा पाऊस मुळातच मऊ असतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६० हजार लिटर पाणी होतं. सगळं साठवणं शक्य नाही, पण पहिल्या पावसाचं पाणी सोडून देऊन पुढचं गाळून एका टाकीत घेतलं, तर पावसाळाभर कपडे धुण्याला सॉफ्टनरची गरज लागत नाही, आणि टाकी भरून वाहणारं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला जातं. आम्ही यंदा तेवढं केलं. मिठाची गोणी आता पूर्वीपेक्षा बरीच जास्त दिवस पुरते.

कढीपत्त्याच्या वाफ्यातली वीतभर माती अण्णांनी जायच्या आधी खणून काढली, राहिलेल्या मातीत जिप्सम आणि शेणखत मिसळलं आणि भरपूर बोअरचं पाणी दिलं. ड्रेनचा पाइप आता गटाराला आहे. याने वाफा वाचला, नदी नाही. म्हणून गल्लीच्या पुढच्या बैठकीत मी विषय मांडणार आहे: सगळ्या घरांचे टायमर तपासून घेऊ, फ्लशच्या लाइनी वेगळ्या करू, प्रत्येकाने आपल्या मिठाच्या गोण्यांची नोंद ठेवू आणि वर्षअखेरीस एकत्र बेरीज करू. कठीणपणाचा किट माझ्याकडे आहे, ज्याला हवा त्याने घेऊन जावा. अण्णा म्हणालेत, बैठकीची तारीख ठरली की कळव, मी खालच्या पट्टीची माती पिशवीत घालून घेऊन येतो.